खान्देशातल्या फळे-भाजीपाला क्षेत्राची आर्थिक असुरक्षितता तालुकानिहाय कशी मोजावी?

प्रश्न असा आहे: जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या २५ तालुक्यांपैकी फळे-भाजीपाल्याच्या बाबतीत आर्थिकदृष्ट्या सर्वात नाजूक तालुका कोणता, हे आकड्यांत कसं मांडायचं? निर्देशक कोणते घ्यायचे, कशाला किती वजन द्यायचं, आणि निघालेला आकडा खरा की खोटा हे कसं तपासायचं? सोबत एक कच्ची मांडणीही दिली आहे. तीत फळे-भाजीपाल्याखालचं क्षेत्र, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं, सिंचनाची टक्केवारी आणि सरासरी पाऊस अशा चार गोष्टींची सरासरी काढली आहे. तिच्यात नंदुरबारमधला अक्राणी पहिल्या नंबरावर येतो आणि जळगावमधला केळीचा तालुका रावेर तळाला.

सुरुवात या मांडणीपासूनच करतो, कारण बहुतेक अभ्यास इथेच घसरतात. ही मांडणी गरिबी मोजते. असुरक्षितता ही त्याहून वेगळी गोष्ट आहे: धक्का बसला तर उत्पन्नाचा किती भाग जाईल, आणि घडी पुन्हा बसायला किती काळ लागेल. अक्राणीतलं कुटुंब गरीब आहे, पण केळीचा भाव पडला म्हणून त्याच्या घरात काही बिघडत नाही. त्याचं नुकसान होतं ते कैरीच्या फोडी आमचुरासाठी वाळत पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला तर. रावेरचा बागायतदार सधन दिसतो, पण त्याचं वर्षभराचं भांडवल एकाच पिकात, एकाच शेतात उभं असतं, आणि माल बहुतांशी एकाच दिशेला, म्हणजे उत्तरेकडे जातो. दोघेही नाजूकच आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींपुढे. म्हणून तालुका ‘कशापुढे’ नाजूक आहे हे आधी लिहा आणि प्रत्येक धक्क्याचा तक्ता वेगळा करा. सगळे धक्के एकत्र कालवून काढलेला एकच आकडा नकाशावर छान रंगतो, पण त्यावरून कोणाला काय मदत द्यायची हे ठरवता येत नाही.

खान्देशापुरते पाच तक्ते पुरतात: हवामान (वादळ, गारपीट, उष्णता, थंडी), रोग, भाव, धोरण आणि वाहतूक, आणि पाणी. धोरणाच्या तक्त्यासाठी कांद्याचं उदाहरण हाताशी आहे, आणि तारखा पक्क्या असल्यामुळे ते मोजायला सोपं आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. या प्रत्येक तारखेच्या आधीचे चार आणि नंतरचे चार आठवडे घ्या आणि पिंपळनेर (ता. साक्री), धुळे, चाळीसगाव इथल्या भावाची लासलगावच्या भावाशी तुलना करा. भाव दोन्हीकडे सारखाच पडला, तर तालुक्याच्या हातात काहीच नव्हतं. इथे जास्त पडला, तर मधल्या वाहतुकीचा आणि व्यापाऱ्यांच्या संख्येचा प्रश्न आहे, आणि तो सोडवता येण्यासारखा आहे. या तक्त्यात साक्री वर येईल आणि रावेर खाली जाईल, आणि तसंच व्हायला हवं.

मोजणीचं एकक तालुका ठेवलात तरी आकडे महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटाच्या) पातळीवर गोळा करा. यावल आणि रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा (डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूचा) पट्टा आणि तापीकाठ यांची पाण्याची परिस्थिती पूर्ण वेगळी आहे. दोघांची सरासरी काढली की दोन्ही नाहीशा होतात. हवामानाची स्वयंचलित केंद्रंही महसूल मंडळनिहाय आहेत, त्यामुळे जोडणी सोपी जाते.

आता आकडे कुठून आणायचे आणि प्रत्येकात काय खोट आहे, ते.

क्षेत्रासाठी ई-पीक पाहणी आहे, २०२१ च्या ऑगस्टपासून. तिच्यातला मोठा धोका म्हणजे केळीसारखं लांब मुदतीचं पीक. जून-जुलैत लावलेली बाग रब्बीतही उभी असते, आणि खरीप व रब्बीच्या नोंदी नुसत्या बेरजेने जोडल्या की तेच क्षेत्र दोनदा मोजलं जातं. केळी, पपई, लिंबू, मोसंबी, डाळिंब यांची नोंद गट क्रमांकाने जुळवून एकदाच धरा. दुसरी खोट अशी की नोंद सातबारा ज्याच्या नावावर त्याची होते. बटाईने किंवा खंडाने करणारा कागदावर दिसतच नाही, आणि धक्का तर त्यालाच बसतो. फळपीक विम्यातलं विमा उतरवलेलं क्षेत्र हे लागवडीचं क्षेत्र म्हणून कधीच वापरू नका. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि तफावत मोठी दिसली तर ते मंडळ उपग्रह छायाचित्रावरून किंवा प्रत्यक्ष जाऊन तपासा.

आवक आणि भावासाठी लोक सरळ बाजार समितीच्या आकड्यांकडे जातात. फळे-भाजीपाल्यात ते फसवे आहेत. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला, आणि केळी-पपईची खरेदी तर शेताच्या बांधावरच होते. त्यामुळे आवक घटलेली दिसली म्हणून उत्पादन घटलं असं म्हणता येत नाही. केळीच्या भावासाठी रावेर आणि बऱ्हाणपूरचा रोजचा जाहीर भाव मिळतो, पण बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे हे विसरू नका. खान्देशातल्या सौद्याला तिथला भाव आधाराला धरला जातो, म्हणून तो भाव घ्यायचा, पण आवक घ्यायची नाही. जाहीर भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेली पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) यांत अंतर असतं: ‘फरक’ (सौद्यात जाहीर भावावर ठरणारी कमी-जास्त रक्कम), दांड्याची घट, प्रतवारीनंतर बाजूला काढलेला माल, उशिरा मिळालेले पैसे. म्हणून प्रत्येक मंडळातून नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (खोडव्याचा) आणि वापसी (प्रतवारीत मागे राहिलेला) अशा तिन्ही प्रकारांच्या निदान तीस खऱ्या पट्ट्या गोळा करा, आणि ‘पट्टीचा भाव भागिले जाहीर भाव’ हे गुणोत्तर काढा. मंदीच्या महिन्यांत हे गुणोत्तर किती घसरतं, हा माझ्या मते भावाच्या तक्त्यातला सर्वात बोलका निर्देशक आहे. तेजीत सगळेच जाहीर भावाजवळ देतात. शेतकऱ्याचा हात किती दबलेला आहे हे मंदीत दिसतं.

भावातला चढउतार मोजताना हंगामी बदल आधी बाजूला काढा. श्रावणात, नवरात्रात आणि रमजानमध्ये केळीची मागणी वाढते, आणि उत्तरेत कडाक्याची थंडी पडली की पपईचा उठाव मंदावतो. हे शेतकऱ्याला माहीत असतं आणि त्याने त्याचा हिशोब धरलेला असतो, तेव्हा तो धोका नाही. धोका म्हणजे त्याच महिन्यात मागच्या वर्षांच्या मानाने झालेली अनपेक्षित घसरण. (रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तो महिना इंग्रजी कॅलेंडरने धरू नका.) समजा, जानेवारीचा क्विंटलचा भाव पाच वर्षांत १,२००, ९००, १,५००, ७०० आणि १,२०० रुपये होता. आधी हे भाव शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने एका वर्षाच्या पातळीवर आणा. इथे ते आणलेले आहेत असं धरू. सरासरी १,१००. प्रमाण विचलन सुमारे २७६, म्हणजे सरासरीच्या २५ टक्के. पण यात १,५०० चं चांगलं वर्षही ‘धोका’ म्हणून मोजलं गेलं आहे. फक्त सरासरीखालची वर्षं घेतली, तर २०० आणि ४०० चे वर्ग, त्यांची बेरीज २,००,०००, पाचाने भागून ४०,०००, आणि त्याचं वर्गमूळ २००. म्हणजे १८ टक्के. असुरक्षिततेसाठी हा दुसरा आकडा वापरा. त्याच्या जोडीला एक साधा निर्देशक ठेवा: पाच वर्षांच्या ६० महिन्यांपैकी किती महिने भाव उत्पादनखर्चाच्या खाली होता. ग्रामसभेत दाखवायला हाच उपयोगी पडतो.

पिकांचं एकवटणं मोजायला प्रत्येक पिकाच्या उत्पन्नातल्या वाट्याचा वर्ग करून बेरीज घेतात. एका तालुक्यात केळी ७० टक्के, कापूस २०, बाकी दोन पिकं पाच-पाच टक्के असतील, तर बेरीज ०.५३५ येते. दुसऱ्या तालुक्यात कापूस ४०, कांदा २०, मका २०, मिरची १० आणि पपई १० असेल तर ०.२६. आकडा जितका एकाकडे झुकेल तितकं एकवटणं जास्त. वाटा क्षेत्राचा नव्हे, निव्वळ उत्पन्नाचा घ्या, कारण एक हेक्टर केळी आणि एक हेक्टर मका यांची बरोबरी होत नाही. पण ०.२६ आला म्हणून दुसरा तालुका सुरक्षित असं लगेच लिहू नका. त्याची विहीर एकच असेल आणि ती फेब्रुवारीत आटत असेल, तर पाचही पिकं एकाच वेळी जातात. पिकांच्या उत्पन्नाचा दहा वर्षांचा परस्परसंबंध काढा. जी पिकं एकत्र वर-खाली होतात ती एकच पीक म्हणून धरा आणि बेरीज पुन्हा करा.

रोगाच्या तक्त्यात तर ही बाब उलटीच होते. केळीवरच्या कुकुंबर मोझॅक विषाणूचा, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, प्रसार मावा करतो, आणि काकडीवर्गीय वेली, मिरची, वांगी, टोमॅटो ही सगळी त्या विषाणूची घरं आहेत. श्रावणातल्या सततच्या ढगाळ, पावसाळी हवेत कोवळ्या बागेच्या बांधाला किंवा आत ही पिकं असली, की धोका वाढतो. म्हणजे भावाच्या तक्त्यात जे वैविध्य गुण मिळवून देतं, तेच रोगाच्या तक्त्यात गुण घालवतं. दोन्ही ठिकाणी एकच चिन्ह देऊन टाकलं, तर निष्कर्ष उलटा निघतो. एकच निर्देशांक करू नका असं वर म्हटलं, त्यामागचं हे सर्वात ठोस कारण.

ज्या गोष्टीवर सर्वात जास्त वेळ घालवावा असं मला वाटतं, ती म्हणजे महिना. असुरक्षितता वर्षाची काढली जाते, पण ती महिन्यागणिक बदलते, कारण शेतात अडकलेलं भांडवल महिन्यागणिक वाढत जातं. मृगबाग, म्हणजे जून-जुलैत लावलेली केळी, घ्या. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ रोपं बसतात, दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४. ऊतिसंवर्धित रोपं, ठिबकच्या नळ्या, मशागत आणि शेणखत हा खर्च लागवडीच्या वेळीच होतो. समजा एकूण खर्च १०० धरला, तर लागवडीला ३५, चौथ्या महिन्यापर्यंत ६०, आठव्यापर्यंत ८५ आणि कापणीपर्यंत १००. (तुमच्या मंडळातले खरे आकडे दहा-बारा शेतकऱ्यांच्या वह्यांवरून घ्या, जमीन आणि पाण्याप्रमाणे ते बदलतात.) आता जून-जुलैत लावलेल्या बागेवर हरण्या आला तो ऑगस्टमध्ये. रोपं उपटून गाडावी लागली, तर तोवर ४० ते ५० खर्च झालेले असतात, पण त्यातलं ठिबक आणि मशागत शाबूत आहे, आणि कांदेबागेला (ऑक्टोबरच्या सुमाराच्या केळी लागवडीला) तीच जमीन पुन्हा लावता येते. त्याच बागेवर पुढच्या मे-जूनमधलं वादळ आलं, तर घड झाडावर लोंबत असताना बाग आडवी होते: खर्चाचे १०० गेले, नफा गेला, आणि पुढचं लागवडीचं भांडवल ज्या पट्टीतून यायचं तीही गेली. पडलेली झाडं बाहेर काढायची मजुरी वर. दोन्ही प्रसंगांत पंचनाम्यात ‘बाधित क्षेत्र’ सारखंच लिहिलेलं असतं.

म्हणून हवामान आणि रोगाच्या तक्त्यात प्रत्येक महिन्यासाठी तीन रकाने ठेवा: त्या महिन्यात त्या मंडळात कोणत्या अवस्थेतली बाग किती हेक्टर उभी आहे, हेक्टरी किती भांडवल अडकलं आहे, आणि त्या महिन्यात तो धक्का येण्याची शक्यता किती (गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या नोंदींवरून). तिघांचा गुणाकार करा आणि बारा महिन्यांची बेरीज घ्या. मृगबाग जास्त असलेलं मंडळ आणि कांदेबाग जास्त असलेलं मंडळ यांचं एकूण केळी क्षेत्र सारखं असलं, तरी वादळाच्या तक्त्यात ती दूर जातात. कांदेबागेचे घड मे-जूनमध्ये पूर्ण भरलेले नसतात, तिची कापणी साधारण सप्टेंबरनंतर येते. उलट, हिवाळ्यात निसवणाऱ्या (घड बाहेर टाकणाऱ्या) बागांना थंडीचा फटका असतो: घड अडकतात, फण्या आखडतात, फळाची वाढ थांबते. हा हिशोब बसवायला दोन-तीन आठवडे जादा लागतात, पण त्याशिवाय केलेला हवामानाचा तक्ता मला अर्धवट वाटतो.

भाजीपाल्याकडेही याच नजरेने पाहा. आसोदा-भादली किंवा बामणोदकडचा भरिताच्या वांग्याचा उत्पादक, किंवा जळगाव शहराभोवती मेथी, गिलके, भेंडी पिकवणारी कुटुंबं, यांचं क्षेत्र इतकं थोडं असतं की तालुक्याच्या टक्केवारीत ते दिसतच नाही. पण तो पैसा आठवड्याच्या बाजाराला हातात येतो, आणि बऱ्याच घरांत बाईच्या हातात येतो. केळीची पट्टी अडकलेली असताना किराणा, दवाखाना आणि मजुरी त्यावर चालते. भाजीपाला उत्पन्नाच्या वाट्याने मोजू नका, ‘वर्षातले किती आठवडे घरात रोख आली’ याने मोजा. ५२ पैकी ४० आठवडे रोख येणारं घर आणि वर्षातून दोन पट्ट्यांवर जगणारं घर यांचं वार्षिक उत्पन्न एकच असलं, तरी सावकाराच्या दारात दुसरंच आधी उभं राहतं.

शेतकऱ्यावरच न थांबणं आवश्यक आहे. केळीत घड कापणारी आणि वाहणारी टोळी, पॅकिंग करणारे, गाडीवाले आहेत. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर (मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागांवर) निवडण्या-वाळवण्याचं काम करणारे मजूर आहेत, त्यांत आदिवासी बायका मोठ्या संख्येने आहेत. पथारीवर अवकाळी पाऊस पडला, तर व्यापाऱ्याचा माल भिजतो आणि मजुराचे दिवस बुडतात. विमा किंवा पंचनामा यांपैकी काहीही मजुरापर्यंत पोचत नाही. प्रत्येक तालुक्यात उत्पादनाच्या दर १०० क्विंटलमागे किती मजुरीचे दिवस निघतात ते पिकनिहाय काढा, आणि धक्क्यानंतर किती दिवस बुडाले ते वेगळ्या रकान्यात ठेवा. शेतकऱ्याचा तोटा आणि मजुराचा तोटा रुपयांत एकत्र केला, की मजुराचा आकडा लहान असल्यामुळे दबून जातो. त्याला त्याच्याच वार्षिक उत्पन्नाच्या टक्केवारीत मांडा.

यासाठी घरोघरी पाहणी लागते. प्रत्येक मंडळात दोन गावं, प्रत्येक गावात तीस घरं: दहा स्वतःची विहीर किंवा बोअर असलेली, दहा कोरडवाहू किंवा बटाईदार, दहा मजूर आणि सालदार. घरं सरपंचाने सुचवलेली नकोत, यादीतून चिठ्ठी टाकून काढा. ‘मागच्या बारा महिन्यांत उत्पन्न किती’ असं विचारलं तर गोल आकडा मिळतो. त्याऐवजी आखाजी (अक्षय्य तृतीया) ते पोळा, पोळा ते दिवाळी, दिवाळी ते होळी आणि होळी ते आखाजी असे चार तुकडे करा. सालदारकीचे करार पाडव्याला किंवा आखाजीला ठरतात, उचल कोणत्या सणाला घेतली हे लोकांना बरोबर आठवतं, आणि उत्तरं लक्षणीय सुधारतात. पाहणी ऐन कापणीत किंवा अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडची माणसं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असताना करू नका. जी घरं सर्वात नाजूक, तीच नेमकी कुलूपबंद मिळतात.

सावरण्याच्या ताकदीचे निर्देशक निवडताना ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘किती दिवसांत’ हे विचारा. फळपीक विमा आहे, याला गुण देऊ नका. नुकसानीपासून खात्यात पैसे पडेपर्यंत किती दिवस गेले याला द्या. हा विमा हवामानावर आधारित आहे, म्हणजे मंडळाच्या संदर्भ केंद्रावर ठरलेली मर्यादा ओलांडली गेली तर भरपाई मिळते. शेत केंद्रापासून दूर असेल आणि वादळाचा पट्टा अरुंद असेल, तर बाग आडवी होऊनही केंद्रावर वाऱ्याचा वेग कमीच दिसतो. त्यामुळे केंद्रापासूनचं अंतर हा स्वतंत्र निर्देशक ठेवा. शीतगृह आणि पिकवणी केंद्राची टनांतली क्षमता नुसती लिहू नका. मंदीच्या महिन्यात तिथे शेतकऱ्याचा माल किती होता आणि व्यापाऱ्याचा किती, ते विचारा. जळगावची केळी आणि भरिताचं वांगं यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याला गुण द्यायचे ते पट्टीत भाव जास्त पडलेला दिसला तरच. विकासोचं (गावच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचं) पीककर्ज वेळेवर मिळालं का, की लागवड सोनं गहाण ठेवून झाली, हे घरोघरच्या पाहणीतूनच कळतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चार वेळा घेते. त्यांतल्या पावसाळ्यानंतरच्या आणि मेच्या नोंदींतला फरक, आणि मेच्या पातळीचा दहा वर्षांतला कल, हे दोन आकडे घ्या. सिंचनाची टक्केवारी घेऊ नका. रावेर-यावलमध्ये ती जास्त आहे ती खोल उपशाच्या जोरावर, आणि तीच पुढची असुरक्षितता आहे. बोअरची सरासरी खोली दहा वर्षांत किती फुटांनी वाढली, हे गावातल्या बोअरवाल्याच्या वहीतून मिळतं आणि यंत्रणेच्या आकड्यांना चांगला आधार देतं.

आता एकत्रीकरण. प्रत्येक तक्त्यात तीन गट: धोक्याशी संपर्क, संवेदनशीलता, आणि सावरण्याच्या ताकदीचा अभाव. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००७ च्या अहवालापासून रुळलेली ही मांडणी कामापुरती चांगली आहे. निर्देशक शून्य ते एक या मापावर आणण्यासाठी ‘तालुक्याच्या आकड्यातून किमान वजा, भागिले कमाल-किमान अंतर’ हे सूत्र सगळे वापरतात. २५ तालुक्यांत ते सरळ लावलं, तर केळीच्या क्षेत्रात रावेर एकावर बसतो आणि निम्म्याहून अधिक तालुके शून्याजवळ चिकटतात. त्यांच्यातला फरक उरत नाही. अशा वाकड्या निर्देशकांना लॉग घ्या किंवा सरळ क्रम वापरा.

तीन गटांची साधी सरासरी घ्यायची की गुणोत्तर सरासरी (तिन्ही गुणांच्या गुणाकाराचं घनमूळ), हा निर्णय विचारपूर्वक करा. एका तालुक्याचे गुण ०.८, ०.७ आणि ०.१ असतील, दुसऱ्याचे ०.५, ०.५ आणि ०.६, तर साधी सरासरी दोघांची ०.५३ येते. गुणोत्तर सरासरी पहिल्याची ०.३८ आणि दुसऱ्याची ०.५३. पहिला तालुका धक्क्यासमोर उघडा आहे पण त्याची सावरण्याची ताकद भक्कम आहे, आणि ती ताकद धक्का खरोखर झेलते असं तुमच्या पाहणीत दिसत असेल, तर गुणोत्तर सरासरी बरोबर. ताकद फक्त कागदावर असेल तर साधी सरासरी घ्या. गुणोत्तर सरासरीत एक खड्डा आहे: किमान असलेल्या तालुक्याला शून्य मिळतं, आणि शून्याने गुणलं की तो तालुका यादीतून पुसला जातो. माप ०.१ ते ०.९ ठेवलं की हे टळतं.

वजनांसाठी सुरुवातीला सर्वांना समान वजन द्या. संगणकी घटक-विश्लेषणातून वजनं काढण्याचा मोह होतो, पण २५ तालुके आणि २० निर्देशक असताना ती वजनं एक तालुका काढला तरी बदलतात. त्यापेक्षा समान वजनाभोवती प्रत्येक वजन अर्धं ते दीडपट असं यादृच्छिक बदलून एक्सेलमध्ये हजार वेळा गणित चालवा आणि प्रत्येक तालुक्याचा क्रम कुठून कुठपर्यंत हलतो ते पाहा. तिसऱ्या ते पाचव्या क्रमांकात राहणाऱ्या तालुक्याबद्दल ठामपणे बोलता येतं. चौथ्या ते सतराव्यात फिरणाऱ्याबद्दल येत नाही, आणि ते अहवालात स्पष्ट लिहा. जाहीर करताना क्रमांक न देता जास्त, मध्यम, कमी असे तीन गट द्या.

पडताळणीशिवाय निर्देशांक कोणाच्याही हातात देऊ नका. घडून गेलेला एक धक्का निवडा: मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यातली टाळेबंदी, किंवा तुमच्या मंडळातलं एखादं जूनचं वादळ. निर्देशांक त्या धक्क्याच्या आधीच्या आकड्यांवर काढा. मग धक्क्यानंतरच्या अठरा महिन्यांत त्या-त्या मंडळात विकासोची थकबाकी किती वाढली, पुढच्या हंगामात केळी-पपईची लागवड किती घटली, जमिनीच्या खरेदीखतांची संख्या वाढली का, हे पाहा. हे तीन आकडे निर्देशांकात आधी घातलेले नसावेत, नाहीतर निर्देशांक स्वतःचीच साक्ष काढतो. क्रमांकांचा परस्परसंबंध ०.५ च्या खाली आला, तर वजनांशी खेळत बसण्यापेक्षा महिन्याचा हिशोब आणि पट्ट्यांचे आकडे पुन्हा तपासा. चूक बहुधा तिथेच सापडते.

नूतनीकरणाचा वेग तक्त्यागणिक वेगळा ठेवा. भावाचा तक्ता दर तीन महिन्यांनी, हवामान आणि रोगाचा लागवडीचे आकडे आल्यावर वर्षातून दोनदा, मृगबागेनंतर आणि कांदेबागेनंतर, पाण्याचा मेच्या नोंदींनंतर एकदा, आणि घरोघरची पाहणी तीन वर्षांतून एकदा. जनगणनेचे २०११ चे आकडे मजूरसंख्येसाठी वापरत असाल, तर त्यांवरचं वर्ष तक्त्यातच छापा.